आरशाशिवाय गळ्यात डोकावताना

दिवाळीत बाबांचा आवाज बसला. महिना उलटला तरी मोकळा होईना, म्हणून घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि म्हणाले, "एका स्वररज्जूवर पांढरा डाग दिसतोय. भूल देऊन डायरेक्ट लॅरिंगोस्कोपी करू, तुकडा काढून तपासायला पाठवू." बाबा म्हणाले, "आता तर दिसलं ना? मग भूल कशाला?" प्रश्न अगदी बरोबर होता. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकड्यावर बसून मी त्याचंच उत्तर शोधत होतो. दुसरं काही सुचतही नव्हतं.

तर मंडळी, जिवंत माणसाचं स्वरयंत्र बघायची पद्धत रुळवली ती एका गाण्याच्या मास्तरांनी! मॅन्युएल गार्सिया हे त्यांचं नाव. १८५४ साली पॅरिसमध्ये त्यांनी दंतवैद्याचा लांब दांड्याचा छोटा आरसा घशात धरला, हातातल्या दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडलं आणि स्वतःच्याच स्वररज्जू हलताना पाहिल्या. पुढे व्हिएन्नाचे ट्युर्क आणि पेस्टचे चेर्माक यांनी ही युक्ती डॉक्टरांच्या हाती दिली, आणि श्रेय कुणाचं यावरून दोघं भांडलेही. (पेटंटची भांडणं काही आपल्या आयटीवाल्यांनी शोधलेली नाहीत!)

पण आरसा म्हणजे प्रतिबिंब. त्यात घशाची पुढची बाजू वर दिसते आणि मागची खाली. त्यात बघत वाकड्या चिमट्याने तुकडा काढायचा, तोही जागा असलेल्या, उबळ येणाऱ्या माणसाच्या घशातून. १८८७ मध्ये जर्मनीचा युवराज फ्रेडरिक याचा आवाज असाच बसला. जर्मन डॉक्टरांना कॅन्सरचा संशय होता, ते ऑपरेशन करायच्या तयारीत होते. लंडनहून आलेल्या मोरेल मॅकेन्झींनी आरशात बघून तुकडे काढले. ते तपासले साक्षात फिरखोव्ह यांनी, आणि त्यांना कॅन्सर सापडला नाही. ऑपरेशन रद्द झालं. नोव्हेंबरपर्यंत कॅन्सरच असल्याचं स्पष्ट झालं. मार्च १८८८ मध्ये फ्रेडरिक सम्राट झाला आणि ९९ दिवसांत गेला. लवकर ऑपरेशन करून तो वाचला असता का, यावर वाद आहे. पण तपासणारा कितीही मोठा असो, तुकडा चुकीच्या जागेचा असेल तर तो काय करणार? चुकीचा लॉग वाचून बग सापडत नाही, हे आपल्यापेक्षा चांगलं कोणाला माहीत!

त्यानंतर सात वर्षांनी, १८९५ साली, बर्लिनच्या आल्फ्रेड कर्स्टाइन यांच्या कानावर एक गोष्ट आली. अन्ननलिकेत घालायची नळी चुकून श्वासनलिकेत गेली होती. म्हणजे तोंडापासून तिथपर्यंत सरळ रस्ता करता येतो तर! त्यांनी जीभ दाबून पुढे घेणारं, दिवा असलेलं अवजार केलं आणि आरशाशिवाय स्वरयंत्र पाहिलं. हीच पहिली डायरेक्ट लॅरिंगोस्कोपी.

सगळी मेख 'सरळ' या शब्दात आहे. तोंड आणि श्वासनलिका यांच्यात जवळजवळ काटकोनाचं वळण असतं. नजर काही वळत नाही, म्हणून माणूसच सरळ करायचा. मान थोडी पुढे, डोकं मागे, म्हणजे आपण फुलाचा वास घेताना करतो तसं. मग जीभ उचलायची. फिलाडेल्फियाच्या शेव्हालिए जॅक्सननी दिवा नळीच्या आतल्या टोकाशी नेला. किलियननी नळी टांगून ठेवायची सोय केली, त्यामुळे डॉक्टरांचे दोन्ही हात मोकळे झाले. १९६० च्या दशकात क्लाइनझासर यांनी त्याला ४०० मिलिमीटरच्या भिंगाचा मायक्रोस्कोप जोडला. आता डाग मोठा करून बघत, दोन्ही हातांनी, नेमका तिथलाच तुकडा काढता येतो. मात्र त्यासाठी घसा पूर्ण सैल आणि स्वररज्जू स्थिर हव्यात. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं!

भूलतज्ज्ञांनीही हेच अवजार आपलंसं केलं. ऑक्सफर्डच्या मॅकिंटॉश यांनी १९४३ मध्ये वाकडं पातं आणलं. त्याचं टोक जिभेच्या मुळाशी टेकवून उचललं की श्वासनलिकेवरचं झाकण आपोआप वर होतं आणि श्वासाची नळी आत सरकवता येते. ते पातं आजही वापरात आहे.

गंमत म्हणजे २००१ पासून पात्याच्या टोकाशी कॅमेरा असलेले व्हिडिओ लॅरिंगोस्कोप आले. डॉक्टर पुन्हा पडद्यावर बघतात, म्हणजे फिरून गार्सियांच्या आरशापाशीच आलो की. फरक इतकाच की हा आरसा वळणापलीकडे जाऊन बसलाय.

असो. आठ दिवसांनी बाबांचा रिपोर्ट आला. कॅन्सर नाही, पण डागावर लक्ष ठेवायचंय, दर तीन महिन्यांनी दाखवायचंय. चाळीस वर्षांची सिगारेट त्या दिवशी सुटली. आणि तुमच्या घरात कुणाचा आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल, तर हळद-दूध जरूर द्या, पण घसा दाखवूनही घ्या.