आत्मचरित्रातील खरी माणसे

आत्मचरित्र, आठवणी आणि आत्मकथन या प्रकारांत लेखकाबरोबर त्याचे आईवडील, जोडीदार, भावकी, शेजारीपाजारी आणि कधी कधी अख्खे गाव छापून येते. आपली गोष्ट सांगायचे लेखकाने ठरवलेले असते, या मंडळींनी नव्हे. त्यांच्याबद्दल किती उघड लिहावे, नावे खरी द्यावीत की बदलावीत, कोणाला आधी विचारावे, हे प्रश्न मराठीत निदान शंभर वर्षे चालत आले आहेत. त्यांवर सर्वांत जास्त विचार झाला आहे तो बायकांच्या आणि दलित लेखकांच्या पुस्तकांत. नामवंत पुरुषांच्या आत्मचरित्रांत घरची माणसे बहुधा ऋणनिर्देशापुरती येतात.

रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (1910) या पुस्तकात नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही ही घरची रीत छापील पानावरही पाळलेली दिसते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा निर्देश ‘स्वतः’ असा येतो. मात्र शिकण्यावरून घरातल्या बायकांनी रमाबाईंना दिलेला त्रास त्यात आहे. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये (1934 पासून भागाभागाने) नवऱ्याला सरळ ‘टिळक’ म्हटले. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले. त्यानंतर काही वर्षे नवराबायको वेगळे राहिले आणि 1900 मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. एवढी दुखरी हकिकत सांगताना बाई रडगाणे गात नाहीत आणि नवऱ्याला पाठीशीही घालत नाहीत. तापट, लहरी, हातात पैसा आला की वाटून मोकळे होणारे टिळक जसेच्या तसे समोर येतात.

लक्ष्मीबाईंचे वडील नाना गोखले यांचे चित्र तर या विषयाचा वस्तुपाठच आहे. नानांना सोवळ्याचे वेड होते. बाजारातून आलेले मीठसुद्धा धुऊन घेतले जाई. नुसते एवढेच सांगितले असते तर बापाची टवाळी झाली असती. पण नानांचे सासरे 1857 च्या धामधुमीत फासावर गेले आणि त्या धक्क्यापासून हे वेड लागले, ही बाजूही लक्ष्मीबाई मांडतात. त्यामुळे वाचक हसतो आणि हसता हसता त्याला नानांची दयाही येते. दोष आणि त्याचे कारण सोबतीने ठेवण्याची ही रीत पुढच्या फार थोड्या लेखकांना साधली.

टिळक 1919 मध्येच वारले होते. हयात नवऱ्याबद्दल लिहिणे वेगळे. मल्लिका अमर शेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ (1984) आले तेव्हा नामदेव ढसाळ कवितेत आणि राजकारणात दोन्हीकडे वावरत होते. माधवी देसाईंचे ‘नाच गं घुमा’ रणजित देसाई हयात असताना आणि सुनीता देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ (1990) पु. ल. देशपांडे यांच्या हयातीतच प्रसिद्ध झाले. लाडक्या लेखकाच्या घरातले उणेदुणे कशाला काढायचे, अशी नाराजी तेव्हा पुष्कळ वाचकांनी बोलून दाखवली. ती फारशी टिकणारी नाही. या तिन्ही पुरुषांकडे स्वतःची लेखणी आणि स्वतःचा वाचक होता. उलट उत्तर द्यायचे ठरवले असते तर छापायला प्रकाशक रांगेने उभे राहिले असते. शिवाय सुनीताबाईंनी स्वतःलाही तेवढ्याच कठोरपणे तपासले आहे.

ज्यांच्याकडे लेखणी नाही अशांचे काय, हा खरा अवघड भाग आहे. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (1984) आईबद्दल आणि पाटील बापाबद्दल लिहिल्याशिवाय लेखकाला स्वतःविषयी एक ओळही लिहिता येत नाही, त्याचा जन्म हाच पुस्तकाचा विषय. दया पवारांनी ‘बलुतं’मध्ये (1978) तोड काढली ती अशी : दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो. त्यामुळे आप्तांबद्दलचे बोचरे बोल शिकलेल्या, शहरी लेखकाच्या तोंडून थेट येत नाहीत. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’त (1987) तर सबंध जमातच उघडी होते. 1871 च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवलेल्या लोकांतल्या चोरीच्या खुब्या आतल्याच माणसाने लिहायच्या, यात पोलिसांच्या हाती कोलीत देण्याचा धोका होता. तरी पोट आणि मार यांचे वर्णन शेजारीच असल्यामुळे पुस्तक आरोपपत्र होते ते समाजावर, जमातीवर नव्हे.

नावे बदलणे हा उपाय सर्रास सांगितला जातो, पण खेड्यात तो कुचकामी ठरतो. वाडा, विहीर, आडनाव, धंदा एवढ्यावरून गावाला माणूस कळतो आणि ओळखीच्यांना तो कळला की बदनामी झाली, असेच न्यायालयही मानते. अभिनेत्री हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’वरून (1970, शब्दांकन अरुण साधू) श्याम बेनेगल यांनी ‘भूमिका’ (1977) हा चित्रपट काढला, तेव्हा नायिकेची उषा झाली. ती कोण हे मात्र कोणापासून लपले नाही.

कायद्यात खरे बोलणे पुरेसे नसते. भारतीय दंड संहितेचे कलम 499 (1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचे कलम 356) खऱ्या मजकुरालाही माफी देते ती तो लोकहितासाठी असेल तरच. दिवाणी दाव्यात मात्र सत्य हा पुरता बचाव आहे. मृताची नालस्तीही जवळच्या नातलगांना दुखावण्याच्या हेतूने केली तर फौजदारी कलमात बसते, आणि जातीच्या किंवा धंद्याच्या संदर्भात एखाद्याला हलके ठरवणे हीदेखील तिथे बदनामीच. ग्रामीण आत्मकथनाचे निम्मे संवाद या शेवटच्या तरतुदीत अडकू शकतील.

छपाईआधीच पुस्तक अडवता येते का, यावर दोन निकाल महत्त्वाचे आहेत. तमिळनाडूतील फाशीचा कैदी ऑटो शंकर याचे आत्मचरित्र ‘नक्कीरन’ साप्ताहिकात येणार होते आणि त्यात बड्या अधिकाऱ्यांची नावे होती. सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये सांगितले की खाजगी आयुष्याचा हक्क आहे, पण सार्वजनिक दप्तरात नोंदलेल्या गोष्टींना आणि अधिकाऱ्यांच्या कामकाजाला त्याची ढाल नाही. बदनामीच्या भीतीने सरकारला आधीच मनाई करता येणार नाही. खुशवंत सिंग यांच्या आत्मचरित्रातील मजकुरावरून मनेका गांधी दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. 1995 मध्ये मिळालेली स्थगिती 2001 मध्ये उठली आणि पुस्तक 2002 मध्ये आले.

पत्रांचा मामला निराळाच. पत्राचा कागद ज्याला ते आले त्याचा. मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या पश्चात वारसांचा. आत्मचरित्रात दुसऱ्याचे पत्र सबंध छापायचे तर लिहिणाऱ्याची किंवा त्याच्या वारसांची लेखी परवानगी लागते. मजकूर कितीही कौतुकाचा असला तरी.