जुनं घर विकायला काढताना: कागद आधी, ओल मग, रंग शेवटी

बेळगाव : शहापूर, वडगाव, अनगोळच्या गल्ल्यांत आणि टिळकवाडी, हिंदवाडीच्या जुन्या बंगल्यांवर ‘घर विकणे आहे’ असे फलक बरेच दिसतात. मुलं पुण्याला किंवा गोव्याला नोकरीला, आई-वडील थकलेले किंवा गेलेले, घराला कुलूप. फलक लागतो, फोन येतात, चार माणसं बघून जातात आणि पुढं काहीच होत नाही. सहा महिन्यांनी घरातले म्हणतात, बाजार पडलाय. बाजार पडलेला असतोच असं नाही. बऱ्याचदा घर विकायला काढलेलं असतं, पण विक्रीसाठी तयार केलेलं नसतं.

विक्रीपूर्वी घर मांडून दाखवण्याच्या या कामाला इंग्रजीत ‘होम स्टेजिंग’ म्हणतात. मोठ्या शहरांत त्यासाठी भाड्यानं सोफे आणि पडदे आणतात. आपल्याकडच्या घराला त्याची गरज नाही. इथला खरेदीदार पडदे बघत नाही. तो भिंतीचा खालचा दोन फुटांचा भाग बघतो, नळाला पाणी कधी येतं ते विचारतो आणि उतारा कुणाच्या नावावर आहे हे सगळ्यात आधी विचारतो.

घेणारा कोण, ते आधी ठरवा

सगळ्यांना आवडेल असं घर नसतं. त्यामुळं आपलं घर साधारण कोण घेईल, याचा अंदाज आधी बांधावा. जुन्या गल्लीतलं घर बहुतेक वेळा त्याच भागातला माणूस घेतो. एकत्र कुटुंब वाढलेलं असतं, एका भावाला वेगळी चूल मांडायची असते, पण गल्ली, देऊळ, शाळा सोडायची नसते. वडगाव-खासबाग भागात विणकर कुटुंब घर बघताना माग बसेल का, थ्री फेज वीज आहे का, हे विचारतं. खानापूर किंवा चंदगडकडचं कुटुंब मुलांच्या शिक्षणासाठी शहरात येत असतं. त्याला बस, कॉलेज आणि वर एखादी खोली भाड्यानं देण्याची सोय हवी असते. मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात असल्यानं निवृत्त जवानही इथं घर शोधतात. त्यांना हातात ठरावीक रक्कम असताना लगेच राहायला जाता येईल असं घर लागतं.

घेणारा कळला की कशावर खर्च करायचा हेही कळतं. ज्याला खाली माग बसवायचा आहे त्याच्यासाठी हॉलमध्ये पीओपी करण्यात अर्थ नाही. ज्याला वरची खोली भाड्यानं द्यायची आहे त्याला बाहेरचा जिना आणि वेगळा संडास दाखवावा.

पहिली तयारी कागदांची

घर कितीही चकचकीत केलं आणि कागदात खोट निघाली तर इसार परत द्यावा लागतो. कर्नाटकात आता ई-खाता असल्याशिवाय खरेदीखत नोंद होत नाही. शहरात तो महापालिकेकडून, ग्रामपंचायत हद्दीत ‘ई-स्वत्तू’तून मिळतो. त्याशिवाय सिटी सर्व्हेचा उतारा, बोजा दाखला, घरपट्टी-पाणीपट्टीच्या भरलेल्या पावत्या आणि आधीची सगळी खरेदीखतं एका फायलीत लावावीत. बोजा दाखल्यासाठी ‘कावेरी’ संकेतस्थळावर अर्ज करता येतो. हेस्कॉमचं मीटर अजून आजोबांच्या नावावर असेल तर तेही बदलून घ्यावं.

अडचण येते ती वारसांची. वडील गेल्यावर भावांची नावं लागतात आणि बहिणींना गृहीत धरलं जातं. हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. त्या तारखेला वडील हयात असणं गरजेचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलंय. म्हणून फलक लावण्याआधी बहिणींशी बोलावं. त्यांना वाटा हवा असेल तर तो ठरवावा, त्या स्वखुशीनं सोडत असतील तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावं. सौदा ठरल्यावर सहीसाठी लग्न झालेल्या बहिणीच्या दारात जाणं आणि आधी जाऊन विचारणं, यात फरक पडतो. पैशाचाही आणि नात्याचाही.

बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं. त्यामुळं जुनी वाटणीपत्रं मराठीत, काही मोडीतही असतात आणि आजचे दाखले कन्नडमध्ये. खरेदीदाराचा वकील किंवा बँक दोन्ही तपासते. मोडी कागदाचं जाणकाराकडून लिप्यंतर करून ठेवलं तर ऐनवेळी धावपळ होत नाही.

ओल: इथला पहिला प्रश्न

बेळगावचा पाऊस सगळ्यांना ठाऊक आहे. बघायला आलेला माणूस पहिल्यांदा भिंतीला हात लावतो. पश्चिमेकडची आणि नैर्ऋत्येकडची भिंत जास्त भिजते, म्हणून तिथूनच सुरुवात करावी.

कौलारू घर असेल तर शाकारणी करून घ्यावी. फुटकी मंगळुरी कौलं बदलावीत, वासे-रिपा वाळवीनं खाल्ल्यात का ते सुताराकडून ठोकून बघावं. स्लॅब असेल तर गच्चीवरचा उतार आणि पाणी जाणारे पाईप साफ करावेत. गळती असेल तर आतून रंग मारून उपयोग नाही, वरूनच वॉटरप्रूफिंग करावं लागतं.

मातीच्या किंवा चिऱ्याच्या जुन्या भिंतीला घाईत प्लास्टिक पेंट देण्याची चूक सर्रास होते. अशी भिंत ओल शोषते आणि बाहेर टाकते. वर प्लास्टिकचा थर बसला की ओल आत कोंडते आणि पहिल्याच पावसाळ्यात रंगाला फोड येतात. अशा भिंतीला चुन्याची सफेदी बरी. खर्च कमी, खोली उजळ आणि भिंत कोरडी राहते. सफेदीआधी ओलीचं कारण मात्र काढावं. कधी फुटका पन्हळ असतो, कधी शेजारचं न्हाणीघर, कधी भिंतीला लागून साचलेली माती.

परसातली विहीर आणि नळ

जुन्या बेळगावातल्या अनेक घरांच्या परसात विहीर आहे. उन्हाळ्यात विहिरीला पाणी असणं ही घराची मोठी जमेची बाजू. ती कचऱ्यानं भरलेली असेल तर मात्र तीच घराची वजाबाकी होते. गाळ उपसून, कठडा दुरुस्त करून, वर जाळी टाकावी. पाण्याची तपासणी करून अहवाल फायलीत ठेवावा. शहराच्या काही प्रभागांत २००८ पासून चोवीस तास पाणी आहे. बाकी ठिकाणी नळाला किती दिवसांनी पाणी येतं आणि टाकी किती लिटरची आहे, हे खरं सांगावं. शेजारी विचारलं की पाच मिनिटांत कळतंच.

खोल्या मोकळ्या करा

बंद घराला एक वास येतो. बघायला माणूस यायच्या आदल्या दिवसापासून खिडक्या उघड्या ठेवाव्यात. माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी, मोडक्या खाटा, जुन्या ट्रंका, कालनिर्णयाचे गठ्ठे आधी काढावेत. घरातल्यांना ती आठवण असते, बघणाऱ्याला अडगळ. खोली रिकामी असली की ती मोठी दिसते, माजघरात किती माणसं झोपतील हे त्याला दिसतं.

दिवे सगळे लागले पाहिजेत. जुन्या घरात माजघर अंधारं असतं, म्हणून तिथं जादा उजेडाचा बल्ब लावावा. कौलारू घरात दोन-तीन कौलांच्या जागी काचेची कौलं घातली तर दिवसा वीज लावायला लागत नाही, आणि हा खर्च फार नसतो.

स्वयंपाकघर आणि न्हाणीघर बघून घरातली बाई निर्णय घेते. ओट्याच्या फटी भराव्यात, गळका नळ बदलावा, सिंकखालची जागा कोरडी असावी. बंबाच्या धुरानं काळी झालेली न्हाणीघराची भिंत घासून चुना द्यावा. संडास घराबाहेर असेल तर निदान दरवाजा, दिवा आणि वाट नीट असावी.

देवघरात रोजची पूजा होत नसली तरी जागा स्वच्छ ठेवावी. पूर्वजांच्या तसबिरी मात्र उतरवून नेलेल्या बऱ्या. वास्तुशास्त्रासाठी विकणाऱ्यानं भिंत पाडू नये. दार कुठल्या दिशेला आहे, हे घेणारा आपल्या माणसाकडून बघून घेतो आणि त्याचं मत वेगळंच असतं. त्याला घराचा साधा नकाशा दिशेसह कागदावर काढून दिला की पुरे. गल्ली अरुंद असेल तर गाडी कुठपर्यंत येते, दुचाकी आत घेता येते का, हेही त्यावर दाखवावं.

हिशेब दोन्ही बाजूंचा

विकणाऱ्यानं घेणाऱ्याच्या खिशाचा विचार करावा. समजा शहरातलं घर ६० लाखांना ठरलं. कर्नाटकात मुद्रांक शुल्क ५ टक्के म्हणजे ३ लाख. त्या शुल्कावर १० टक्के उपकर ३० हजार आणि २ टक्के अधिभार ६ हजार. नोंदणी शुल्क ३१ ऑगस्ट २०२५ पासून २ टक्के झालंय, ते १ लाख २० हजार. एकूण ४ लाख ५६ हजार रुपये किमतीवर वेगळे. सरकारी मार्गदर्शक दर सौद्यापेक्षा जास्त असेल तर शुल्क त्या दरानं लागतं.

एवढे पैसे नोंदणीत गेल्यावर घेणाऱ्याकडं दुरुस्तीला फारसं उरत नाही. म्हणूनच छोट्या दुरुस्त्या झालेलं, लगेच राहता येणारं घर लवकर जातं. घेणारा गवंडी बरोबर आणतो. गवंड्यानं सांगितलेला खर्च तो किमतीतून वजा करून मागतो, आणि तो आकडा खऱ्या खर्चापेक्षा जास्तच असतो. पण नवीन टाईल्स, मॉड्युलर किचन असल्या मोठ्या खर्चाचे पैसे परत मिळतीलच असं नाही. घेणाऱ्याला ते फोडून आपल्या आवडीचं करायचं असतं.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर घेणारा १ टक्का टीडीएस कापतो, म्हणजे या उदाहरणात ६० हजार. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रक्कम रोख घेता येत नाही, घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो. घर दोन वर्षांहून जास्त काळ मालकीचं असेल तर दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. २३ जुलै २०२४ आधी घेतलेल्या घराला निवासी व्यक्ती महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांचा पर्यायही बघू शकते. १ एप्रिल २००१ पूर्वीचं घर असेल तर त्या तारखेचं मूल्यांकन नोंदणीकृत मूल्यांककाकडून करून घ्यावं. खोली वाढवणं, स्लॅब टाकणं अशा कामांची बिलं जपून ठेवावीत, नुसत्या रंगकामाचा खर्च सहसा धरला जात नाही.

कधी दाखवायचं

पितृपक्षात घराची बोलणी कुणी करत नाही. दसरा ते तुळशीचं लग्न आणि पाडवा ते अक्षय्य तृतीया हे दिवस चांगले. दुरुस्तीचं काम मार्च-एप्रिलमध्ये, वळीव यायच्या आत संपवावं. ज्याचं घर खरंच गळत नाही त्यानं मात्र जुलैच्या भर पावसात घर दाखवावं. त्यासारखी जाहिरात नाही.

बहुतेक घेणारे तीन वेळा येतात. पहिल्यांदा एकटा माणूस, दुसऱ्यांदा बायको आणि आई, तिसऱ्यांदा गवंडी किंवा जाणता नातेवाईक. पहिल्या भेटीत किमतीवर अडून बसू नये. दुसरी भेट झाली की माणूस खरा आहे असं समजावं आणि फाईल दाखवावी. मूळ कागद मात्र कुणाच्या हाती देऊ नयेत, झेरॉक्स द्यावी.

काय झाकू नये

घर नीट मांडणं वेगळं आणि दोष झाकणं वेगळं. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम ५५ नुसार, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या काळजीनं न दिसणारा मोठा दोष सांगणं बंधनकारक आहे. तडा गेलेल्या भिंतीवर कपाट लावणं, वाळवीवर रंग मारणं, सामाईक भिंतीचा वाद लपवणं यात पुढं कोर्टाची पायरी आहे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात घरात पाणी आलं होतं का, हा प्रश्न बळ्ळारी नाल्याच्या बाजूच्या घरांना हमखास विचारला जातो. आलं असेल तर किती फूट आलं आणि नंतर काय केलं, ते सांगावं.

इतर शहरांत काय वेगळं

तयारीची पद्धत सगळीकडं सारखीच, कागद वेगळे. गोव्यात तिथल्या नागरी संहितेमुळं घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी विकताना बायकोची संमती लागते. बडोद्याच्या काही भागांत अशांत क्षेत्र कायदा लागू असल्यानं विक्रीआधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. इंदूर-ग्वाल्हेरकडं नोंदणी ‘संपदा २.०’ वरून होते. दूर राहून घर विकणाऱ्यांनी त्या गावातल्या वकिलाला आधी विचारावं.

कामाचा क्रम

वारसांची संमती, ई-खाता आणि बोजा दाखला. मग छप्पर आणि ओल. मग पाणी, वीज, संडास. मग अडगळ काढून सफाई. रंग सगळ्यात शेवटी. फलक त्यानंतर लावावा.