ओव्हरड्राइव्ह बंद करण्याची रीत

इंडियानातल्या कोलंबसमध्ये जड ट्रेलर ओढणारी जुनी माणसं अजून बजावतात, "वजन मागे लावलंस की ओव्हरड्राइव्ह बंद!" कोथरूडच्या इंजिन कारखान्यातून मी इथे आलो, तेव्हापासून हे ऐकतोय. ओव्हरड्राइव्ह म्हणजे शाफ्टला इंजिनापेक्षा जास्त फेरे देणारा वरचा गिअर. तो बंद करण्याची ही रीत तरुणांना अंधश्रद्धा वाटते. मला वाटत नाही.

1989 मध्ये डॉजच्या पिकअपमध्ये कमिन्स कंपनीचं 5.9 लिटरचं डिझेल इंजिन आलं. ताकद फक्त 160 अश्वशक्ती, पण कमी फेऱ्यांवर ओढ जबरदस्त. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मात्र तीनच गिअरचा आणि तिसरा गिअर डायरेक्ट, म्हणजे इंजिनाचा एक फेरा तर मागच्या शाफ्टचाही एकच. हायवेवर इंजिन सतत वरच्या फेऱ्यांवर ओरडत राही.

1991 च्या मध्यावर त्याच गिअरबॉक्सच्या पाठीला ओव्हरड्राइव्हचा वेगळा भाग जोडला गेला. आता इंजिन 69 फेरे फिरलं की शाफ्ट 100 फिरे. आवाज उतरला, डिझेल वाचू लागलं. पण फेरे वाचतात त्याच प्रमाणात चाकांपर्यंत पोचणारी ओढही घटते. चढ लागला की इंजिन दबायचं, गिअरबॉक्स तिसऱ्यात उतरायचा, वेग आला की पुन्हा वर चढायचा, आणि हे घाटभर चालायचं. प्रत्येक बदलात क्लच घसरतात, इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेल घुसळलं जातं आणि तापतं. तेल जळालं की क्लच गेले. डॅशबोर्डवर ओव्हरड्राइव्ह बंद करायचं बटण दिलं होतं ते उगाच नव्हे.

हाताने गिअर टाकणारेही सुटले नाहीत. त्या काळच्या डॉजमधल्या एनव्ही 4500 गिअरबॉक्समध्ये पाचव्या, म्हणजे ओव्हरड्राइव्हच्या, गिअरचा नट सैल होई. जाणते ड्रायव्हर वजन असलं की चौथ्यातच ओढत.

2001 मध्ये शेव्हरोलेच्या ड्युरामॅक्स डिझेलसोबत ॲलिसनचा पाच गिअरचा ऑटोमॅटिक आला, त्यात 'टो-हॉल' बटण होतं. ते दाबलं की वरचा गिअर उशिरा पडतो आणि उतारावर गिअरबॉक्स आपणहून खाली येऊन इंजिनाकरवी गाडी आवरतो. जुन्या माणसांचं शहाणपणच त्यात उतरवलेलं होतं.

म्हणून माझं मत सरळ आहे. सपाट रस्त्यावर गाडी गिअर न बदलता शांत ओढत असेल तर ओव्हरड्राइव्ह खुशाल वापरा. ती गिअर वर-खाली करू लागली तर ओव्हरड्राइव्ह लगेच बंद करा. उतारावर तर ओव्हरड्राइव्ह उतार सुरू होण्याआधीच बंद हवा. आणि जुना ट्रक घेतलात तर गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान दाखवणारा काटा आधी बसवून घ्या, ट्रेलर नंतर जोडा.