व्याख्येत मावले नाहीत असे संहार

ज्या वास्तूत मुलांना अक्षरओळख होते, तेथे वंशसंहारासारख्या विषयावर बोलावे की नाही, असा संकोच प्रथम मनात होता. परंतु या विषयाचा एक महत्त्वाचा धागा शाळेतूनच जातो, म्हणून तो आपणांपुढे ठेवीत आहे.

‘जेनोसाइड’ म्हणजे वंशसंहार. हा शब्द पोलंडमधील ज्यू कायदेपंडित राफाएल लेम्किन यांनी घडविला आणि १९४४ साली आपल्या ग्रंथातून प्रचारात आणला. समूहाचा नाश केवळ माणसे मारून होत नाही. भाषा, धर्म आणि संस्था मोडूनही तो घडविता येतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. संयुक्त राष्ट्रांच्या मसुद्यात ‘सांस्कृतिक वंशसंहारा’चे कलम होतेही, मात्र कॅनडासह अनेक राष्ट्रांच्या विरोधामुळे ते गळाले. ९ डिसेंबर १९४८ रोजी संमत झालेल्या करारात पाच कृत्ये उरली. त्यांतले शेवटचे कृत्य म्हणजे एका समूहाची मुले बळाने दुसऱ्या समूहात नेणे. पाचांनाही एकच अट होती: समूह नष्ट करण्याचा हेतू सिद्ध झाला पाहिजे.

त्याच कॅनडात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मूलनिवासी मुलांसाठी निवासी शाळा चालत होत्या. खर्च सरकारचा, व्यवस्था ख्रिस्ती धर्मसंस्थांची. १९२० साली कायद्याने सक्ती आली. दीड लाखांहून अधिक मुले या शाळांतून गेली. मातृभाषेत बोलल्याबद्दल तेथे शिक्षा होई. रोगराई, उपासमार व छळ यांना हजारो मुले बळी पडली. शेवटच्या शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या. २००८ साली पंतप्रधानांनी संसदेत क्षमा मागितली आणि २०१५ साली सत्यशोधन व समेट आयोगाने या धोरणाला ‘सांस्कृतिक वंशसंहार’ हेच नाव दिले. जे कलम १९४८ मध्ये गाळले गेले, त्याचा शब्द सदुसष्ट वर्षांनी त्याच देशाच्या आयोगाला उचलावा लागला! तथापि कराराबाहेरच्या या शब्दाने कोणासही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करता येत नव्हते.

हीच उणीव भरून काढण्यासाठी ‘एथ्नोसाइड’ म्हणजे संस्कृतिसंहार हा शब्द पुढे आला. लेम्किन यांनी तो तळटीपेत सुचविला होता; १९७० च्या सुमारास फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ रोबेर झोलँ यांनी दक्षिण अमेरिकेतील जमातींच्या संदर्भात त्याला नवा अर्थ दिला. मूलनिवासींच्या हक्कांच्या जाहीरनाम्याच्या १९९० च्या दशकातील मसुद्यात तो होता. २००७ साली संमत झालेल्या मजकुरात मात्र ‘सक्तीचे सात्मीकरण व संस्कृतीचा नाश’ असे सौम्य शब्द आले. त्याही मजकुराविरुद्ध कॅनडासह चार राष्ट्रांनी मतदान केले. भारताने अनुकूल मत दिले.

तिसरा शब्द ‘इकोसाइड’, म्हणजे निसर्गसंहार. व्हिएतनाममधील वनस्पतिनाशकांच्या फवारणीसंदर्भात शास्त्रज्ञ आर्थर गॅल्स्टन यांनी तो १९७० साली वापरला. त्याचे मर्म कॅनडातील वाबिगून नदीकाठी कळते. १९६२ ते १९७० या काळात ड्रायडेन येथील कारखान्यातून सुमारे नऊ टन पारा पाण्यात सोडला गेला. खालच्या बाजूस ग्रासी नॅरोज येथे अनिशिनाबे लोकांची वस्ती होती. मासे विषारी झाले, मासेमारीचा व्यवसाय बुडाला आणि मिनामाता रोगाची लक्षणे पिढ्यान्‌पिढ्या दिसत राहिली. याच समाजाची मुलेही निवासी शाळांत गेली होती. आधी भाषा गेली, मग नदी.

येथे कोणी या लोकांना नष्ट करण्याचा हेतू धरला होता, असे सिद्ध करणे कठीण. म्हणूनच २०२१ साली तज्ज्ञांच्या गटाने निसर्गसंहाराची व्याख्या करताना हेतूऐवजी ‘जाणीव’ पुरेशी मानली: गंभीर हानी होण्याचा मोठा संभव आहे हे ठाऊक असूनही केलेले बेकायदा किंवा बेदरकार कृत्य. २०२४ साली वानुआतू, फिजी व सामोआ या बेटराष्ट्रांनी हा गुन्हा आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या कक्षेत घेण्याचा प्रस्ताव मांडला. समुद्र ज्यांच्या उंबऱ्याशी आला आहे, त्यांनीच तो मांडावा, हे स्वाभाविक होय.

महाराष्ट्राबाहेर राहून मराठी टिकविणाऱ्या आपल्या अडचणींची त्या मुलांच्या यातनांशी तुलना करणे अप्रस्तुत ठरेल. परंतु एक गोष्ट आपण अनुभवाने जाणतो. शाळेतल्या फळ्यावर आपली भाषा उमटते तेव्हा मूल ताठ मानेने घरी जाते. तोच फळा घराविरुद्ध उभा केला, तर रक्ताचा थेंबही न सांडता एक समाज नाहीसा होऊ शकतो. आणि त्या अपराधासाठी कायद्याजवळ अजून पुरते नाव नाही.