क्षीण संकेताचा इलाज
समुद्राला समांतर धावणारा रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना जांभ्या दगडाची घरे आणि घरांमागे नारळी-पोफळीच्या वाड्या, अशी ज्या गावाची ठेवण, त्या कोकणातल्या गुहागरात तारेने काही आणावयाचे म्हणजे ती वरचा पाट या वस्तीपासून खालचा पाट या वस्तीपर्यंत लांबवीत न्यावी लागणार. आणि तार जितकी लांब तितका तिच्यातील संकेत क्षीण, हा निसर्गाचा कायदा कोणालाही चुकलेला नाही. आज घरातले केबल इंटरनेट मंदावले की अॅम्प्लिफायरची जी तजवीज होते, तिचा पूर्वेतिहास म्हणूनच पाहण्याजोगा आहे.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले, तेव्हा गुहागर त्यापासून सरळ रेषेत सुमारे १७० किलोमीटरवर, म्हणजे त्याच्या प्रक्षेपण-मनोऱ्याच्या क्षितिजाच्या पुष्कळ पलीकडे होते. हवा अनुकूल असेल तेव्हा समुद्रावरून लहरी दूरवर वाहून याव्यात आणि एरवी पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसाव्यात, ही अशा दूरस्थ किनाऱ्यांची अवस्था. जपानच्या यागी व उदा यांनी १९२६ च्या सुमारास सिद्ध केलेल्या धर्तीचा अँटेना उंच खांबावर चढवावयाचा आणि त्याच्या लगत, खांबाच्या माथ्यावरच, संकेत वाढविणाऱ्या बूस्टरची, म्हणजे अॅम्प्लिफायरचीच, डबी बांधावयाची, हा त्या काळचा बंदोबस्त होता. डबी माथ्यावर बांधण्यात मोठे शहाणपण होते. कारण तारेतून उतरताना झिजलेला संकेत मागाहून वाढविला, तर त्याच्यासमवेत खरखरही तितकीच वाढते, आणि यंत्र स्वतःची थोडी खरखर त्यात घालते ते वेगळेच.

डोंगराआडच्या वस्त्यांसाठी एका उंच अँटेन्यावरून घरोघर तार नेण्याची प्रथा अमेरिकेत १९४८ च्या सुमारास पडली. आपल्याकडे १९९१ च्या आखाती युद्धानंतर उपग्रह वाहिन्यांनी तिला बळ दिले आणि १९९५ च्या कायद्याने केबलचालकांना नोंदणी आवश्यक केली. हा सर्व कारभार एकमार्गी होता. इंटरनेटला मात्र जाणे आणि येणे दोन्ही हवे, म्हणून टीव्हीसाठी बसविलेला जुना बूस्टर त्याच तारेवर राहिला, तर मोडेमला ऐकू येते पण बोलता येत नाही.

कोकणात आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे खारी हवा. चार पावसाळे खाल्लेला कनेक्टर उघडून पाहावा: मधल्या तारेवर काळसर डाग, भोवतीच्या जाळीवर हिरवट थर आणि कधी आत शिरलेले पाणी. ज्या संकेताची वाट येथेच अडली, त्याला कोणताही अॅम्प्लिफायर तारू शकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन वाटांच्या स्प्लिटरमध्येही प्रत्येक वाटेला निम्म्याहून कमीच शक्ती मिळते, आणि जुन्या घरांत असे स्प्लिटर एकामागून एक जोडलेले आढळतात.

तेव्हा गुहागरकरांना विनंती अशी की, बाजारातून डबी आणण्यापूर्वी सडलेले टोक कापून नवा कनेक्टर बसवावा, अनावश्यक स्प्लिटर काढावेत आणि मोडेमला पहिल्याच फाट्यावरून तार द्यावी. इतके करूनही संकेत उणा पडला, तर केबलचालकाकडून तो मोजून घ्यावा आणि दोन्ही दिशांना चालणारा अॅम्प्लिफायर तार घरात शिरते तेथेच बसवावा.