फोर्स्कोलिन

फोर्स्कोलिन : तुळशीच्या कुलातील माइनमूळ (कोलियस फोर्स्कोली) या वनस्पतीच्या मुळांतील डायटर्पीन वर्गाचे औषधी संयुग. जातिनाम पेटर फोर्स्कोल या वनस्पतिशास्त्रज्ञावरून, संयुगाचे नाव जातीवरून. गाजरासारखी जाड, उग्र वासाची ही मुळे गुजरातेत ‘गरमर’ म्हणून लोणच्यात घालतात.

मुंबईतील हेक्स्ट संशोधन केंद्रात सुजाता भट, नोएल डी सोझा व सहकाऱ्यांनी फोर्स्कोलिनची संरचना १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने त्याच सुमारास वेगळे केलेले ‘कोलिओनॉल’ पुढे हेच संयुग ठरले; त्यामुळे जुन्या लेखनात दोन नावे आढळतात.

रेणूत २२ कार्बन, ३४ हायड्रोजन व ७ ऑक्सिजन अणू असतात. ते रक्तदाब उतरवते आणि हृदयाच्या आकुंचनाचा जोर वाढवते. याचे कारण १९८१ मध्ये सीमन व डेली यांनी दाखवले : पेशीपटलावरील ग्राहीची वाट न पाहता ते ॲडेनिलेट सायक्लेज या विकराला थेट चेतवते व चक्रीय एएमपी हा पेशीतील संदेशवाहक रेणू वाढतो (पहा : विकरे, हॉर्मोने).

औषध म्हणून त्याचा प्रसार मर्यादित राहिला. कारण ते पाण्यात जेमतेम विरघळते. त्याचे विद्राव्य साधित कोलफॉर्सिन डॅरोपेट जपानमध्ये तीव्र हृद्‌निष्फलतेवर वापरात आले. प्रयोगशाळेत मात्र चक्रीय एएमपी वाढवण्याचे फोर्स्कोलिन हे नेहमीचे साधन आहे. रसायनशास्त्रज्ञ कोरी यांच्यासह अनेकांनी १९८०च्या दशकात त्याचे संपूर्ण संश्लेषण केले (पहा : नैसर्गिक संयुगे).