पचनसंस्थेचा कॅन्सर: कोणते औषध लागू पडेल हे सांगणाऱ्या तपासण्या

जठर, मोठे आतडे, गुदाशय किंवा स्वादुपिंडाचा कॅन्सर असल्याचा बायोप्सी रिपोर्ट हातात पडला की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, ‘औषध लागू पडेल ना?’ या प्रश्नाचे काही प्रमाणात उत्तर आता गाठीच्या त्याच तुकड्याच्या पुढील तपासणीतून मिळू शकते. दागिने मोडून किंवा जमीन गहाण ठेवून महागडे इंजेक्शन घेण्याआधी ही तपासणी झाली आहे का, हे जरूर विचारा.

बायोमार्कर म्हणजे काय?

कॅन्सरच्या पेशींवरील एखादे प्रथिन किंवा त्यांच्या जनुकातील बदल, ज्यावरून आजाराचा स्वभाव कळतो, त्याला बायोमार्कर म्हणतात. दोन रुग्णांना आतड्याचाच कॅन्सर असला तरी पेशींची ठेवण वेगळी असते. म्हणूनच शेजाऱ्याला लागू पडलेले औषध तुमच्या रुग्णालाही लागू पडेलच असे नाही.

कोणत्या आजारात कोणती तपासणी?

*जठर:* हर-२ हे प्रथिन तपासतात. पसरलेल्या आजारात ते जास्त आढळल्यास केमोथेरपीबरोबर ट्रास्टुझुमॅब देता येते. रिपोर्टमध्ये ० किंवा १+ म्हणजे निगेटिव्ह आणि ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ आल्यास निर्णय अर्धवट राहतो व फिश नावाची पुढची तपासणी लागते.

*मोठे आतडे व गुदाशय:* आजार पसरलेला असल्यास केरास, एनरास आणि बीरॅफ ही जनुके तपासतात. जवळपास निम्म्या रुग्णांत रास जनुकात बदल असतो. अशा रुग्णांना सेटुक्सिमॅब किंवा पॅनिट्युमुमॅबचा उपयोग होत नाही, खर्च आणि त्रास मात्र होतो. म्हणजे ‘हे औषध नको’ असे सांगणारा रिपोर्टही मोलाचा असतो.

*एमएमआर किंवा एमएसआय:* पेशी आपल्या जनुकातील चुका दुरुस्त करू शकतात का, हे यातून कळते. ही क्षमता बिघडलेली असेल तर इम्युनोथेरपी चांगली लागू पडण्याची शक्यता असते. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी गुदाशयाच्या अशा १२ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. फक्त डोस्टार्लिमॅब दिल्यावर बाराही जणांची गाठ तपासण्यांत दिसेनाशी झाली. मात्र असा बिघाड थोड्याच रुग्णांत असतो. तो कधीकधी आनुवंशिक असतो, म्हणून भावंडांनी आणि मुलांनीही सल्ला घ्यावा.

*जिस्ट:* जठर-आतड्याच्या या वेगळ्या प्रकारच्या गाठीत किट जनुकातील बदल पाहतात. त्यावरून इमॅटिनिब गोळी चालेल का आणि किती मात्रेत, हे ठरवायला मदत होते.

*स्वादुपिंड:* बीआरसीए जनुकातील जन्मजात बदल रक्तातून तपासतात. तो असल्यास प्लॅटिनम गटातील केमोथेरपी आणि त्यानंतर ओलापरिब यांचा विचार होतो.

सीईए आणि सीए १९-९ चे काय?

रक्तातील हे आकडे उपचार सुरू झाल्यावर आजार कमी होतोय की वाढतोय, हे पाहण्यासाठी उपयोगी आहेत. कोणते औषध निवडावे हे ते सांगत नाहीत. धूम्रपानाने सीईए वाढू शकते, कावीळ असल्यास सीए १९-९ वाढते आणि काही लोकांच्या शरीरात सीए १९-९ तयारच होत नाही. एका आकड्यावरून हुरळून जाऊ नका किंवा खचूही नका.

त्रास कोणाला जास्त होईल?

५-एफयू इंजेक्शन आणि कॅपेसिटाबिन गोळ्या शरीराबाहेर टाकण्याचे काम डीपीडी हे एन्झाइम करते. काहींमध्ये ते जन्मतः कमी असते. डीपीवायडी जनुकाच्या तपासणीतून हा धोका आधी कळू शकतो. तपासणी झालेली असो वा नसो, औषध सुरू असताना जोरदार जुलाब, तोंडात फोड किंवा ताप आल्यास गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांशी संपर्क साधा. हंगामात कुटुंब ऊसतोडीला कारखान्याच्या तळावर असेल तर जवळच्या सरकारी दवाखान्यात जा आणि औषधाची चिठ्ठी सोबत न्या.

ब्लॉक जपून ठेवा

आपल्या जिल्ह्यातील बरेच रुग्ण पुढील उपचारासाठी बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय किंवा मुंबईचे टाटा मेमोरियल येथे जातात. बायोप्सी मात्र अनेकदा बीड किंवा अंबाजोगाईला आधीच झालेली असते. तो तुकडा मेणाच्या छोट्या वडीत, म्हणजे पॅराफिन ब्लॉकमध्ये, लॅबकडे असतो. वरील बहुतेक तपासण्या त्यावरच होतात. जाण्याआधी लॅबकडून ब्लॉक, काचपट्ट्या आणि मूळ रिपोर्ट मागून घ्या. ब्लॉक उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवू नका, मेण वितळते. तो हरवला तर पुन्हा बायोप्सी करावी लागू शकते.

डॉक्टरांना हे विचारा

- आमच्या रुग्णाला कोणती बायोमार्कर तपासणी लागेल? तिच्या रिपोर्टने उपचार बदलणार आहे का?
- रिपोर्ट येईपर्यंत थांबायचे की केमोथेरपी सुरू करायची?
- तपासणी आणि औषध महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते का? हे रुग्णालयातील आरोग्यमित्रांनाही विचारा.

रिपोर्ट अनुकूल आला म्हणजे बरे होण्याची हमी नव्हे, आणि प्रतिकूल आला म्हणजे सगळे संपले असेही नाही. आतडे बंद पडले असेल किंवा रक्तस्राव होत असेल तर बायोमार्करच्या रिपोर्टसाठी थांबू नका. तेव्हा आधी तातडीचा उपचार घ्या.